दाराशी आलेल्याला काय विचारतात?
युनिटेरियन मंडळींचा रविवार

नवख्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, त्यावरून ते घर कसे आहे हे कळते. आपल्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी असे प्रश्न किती उंबरठ्यांवर ऐकले असतील! गाव कोणते? पूर्ण नाव सांगा. आडनाव काय म्हणालात? भाड्याची खोली पाहायला गेलो, कचेरीत बदली होऊन नवीन टेबलावर बसलो, की हा प्रश्न गोड आवाजात येतो. त्याचे टोक कोठे लागते ते विचारणाऱ्यालाही माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. देवळाच्या पायरीवर तर विचारण्याचीसुद्धा गरज पडत नव्हती.

म्हणून आज आम्ही वाचकांना अशा एका धर्मसमूहाची ओळख करून देत आहोत, जिथे रविवारी सकाळी दाराशी आलेल्या माणसाला ‘तुम्ही देव मानता काय?’ एवढाही प्रश्न विचारीत नाहीत. हे आहेत अमेरिकेतील युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट. त्यांचे सारेच गोड आहे असे आमचे म्हणणे नाही. दार उघडे ठेवणे ही एक गोष्ट. आत आलेल्याला बाकावर, व्यासपीठावर आणि कारभारात जागा देणे ही दुसरी. या दुसऱ्या परीक्षेत ते कुठे नापास झाले, तेही पुढे येईलच.

हे लोक कोण?

ख्रिस्ती धर्मात देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत मानला जातो. ‘आम्हाला हे तिघांचे गणित पटत नाही, देव एकच आणि येशू हा थोर माणूस,’ असे म्हणणारे ते युनिटेरियन. असे म्हणण्याची किंमत मोठी होती. त्रैक्याचे मत खोडून काढणारा मायकेल सर्व्हेटस हा विद्वान १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळला गेला. १५६८ साली ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागात, टोर्डा येथील सभेने ठराव केला की धर्मोपदेशकाने आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करावा आणि त्यापायी कोणाचा छळ होऊ नये. त्या वेळचा त्यांचा पुढारी फेरेंत्स डेव्हिड. राज्य बदलले आणि तोच डेव्हिड १५७९ साली तुरुंगात मेला.

अमेरिकेत युनिटेरियनांची संघटना १८२५ साली झाली. ‘देव कोणालाही कायमचा नरकात टाकणार नाही’ असे म्हणणाऱ्यांचा युनिव्हर्सलिस्ट हा दुसरा पंथ होता. १९६१ साली दोन्ही एक झाले. मुख्य कचेरी बोस्टनला, आणि मंडळ्या सुमारे एक हजार. (ख्रिस्ती बांधव चर्चमधल्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतात, आम्हीही तोच शब्द वापरतो.) अमेरिकेच्या मानाने हा पंथ लहानच म्हणायचा.

विसाव्या शतकात ते आणखी पुढे गेले. देवावाचूनही धर्म असू शकतो, माणसाचे भले हाच त्याचा विषय, असे म्हणणारे धर्मोपदेशक त्यांच्यात निघाले. १९३३ साली अमेरिकेत मानवतावादाचा जो जाहीरनामा निघाला, त्यावरच्या ३४ सह्यांमध्ये युनिटेरियन धर्मोपदेशक बरेच होते. त्याच कागदावर प्रा. जॉन ड्यूई यांचीही सही आहे. कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेबांचे गुरू ते हेच. ड्यूई स्वतः युनिटेरियन नव्हते, परंतु वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते यावरून ध्यानात यावे.

आज एकाच बाकावर येशूला गुरू मानणारी आजी, देव न मानणारा शिक्षक, ज्यू घरात वाढलेली नर्स आणि रोज सकाळी ध्यानाला बसणारा बौद्ध साधक असे बसलेले दिसतात. बौद्ध मार्गाने जाणाऱ्या त्यांच्या सभासदांची वेगळी संघटनाही आहे. मग एवढ्या तऱ्हेच्या माणसांना एकत्र बांधते काय? १९८५ पासून त्यांची सात तत्त्वे होती. पहिलेच तत्त्व प्रत्येक माणसाचे मोल आणि प्रतिष्ठा जन्मजात आहे, हे. जून २०२४ मध्ये प्रतिनिधींनी मतदान करून त्या सात तत्त्वांच्या जागी नवा मजकूर घेतला. त्यात प्रेम मध्यभागी आणि भोवती न्याय, समता, औदार्य, परिवर्तन, बहुविधता व परस्परावलंबन ही मूल्ये आहेत. मात्र जुनी तत्त्वे असोत की नवी मूल्ये, त्यांची शपथ कोणालाही घ्यावी लागत नाही.

रविवारचा एक तास

वेळ साधारण सकाळी दहा-अकराची. दाराशी दोन सभासद उभे असतात. ते हसून हात मिळवतात, कार्यक्रमाचा कागद देतात आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर आपले नाव लिहून छातीवर लावायला सांगतात. तुम्ही लिहाल ते नाव. ‘मेरी’ एवढेच लिहिले तरी चालते. पुढचे कोणी विचारीत नाही. जुन्या सभासदांच्याही छातीवर नाव असतेच, म्हणजे नव्याला अवघडल्यासारखे होऊ नये.

सुरुवातीला एखादा साधा सभासद उठून सर्वांचे स्वागत करतो. तुम्ही कोणत्याही धर्मातून आला असा, धर्म सोडून आला असा, रंग-वंश कोणताही असो, कोणावरही तुमचे प्रेम असो, शंका घेऊन आला असाल तर शंकेसकट या, अशा अर्थाचे ते बोलणे असते. पूर्वी बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना उभे राहून नाव सांगायला सांगत. काही मंडळ्यांनी हे मुद्दाम बंद केले, कारण लाजरा माणूस त्या धास्तीने पुढच्या रविवारी येत नाही. हे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

नंतर ज्योत लावतात. एका रुंद तोंडाच्या चषकात दिवा किंवा मेणबत्ती असते आणि ती लावण्याचा मान पुष्कळदा लहान मुलाला मिळतो. ही खूण फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तावडीतून माणसे सोडविण्यासाठी युनिटेरियनांची सेवा समिती लिस्बन शहरात काम करीत होती. कागदपत्रांवर आणि पत्रांवर संस्थेची ओळख पटेल असे चिन्ह हवे होते. हान्स डॉइच नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराने १९४१ साली ते काढून दिले. तो स्वतःच जीव मुठीत धरून पळालेला निर्वासित होता. त्याच्या हातचे ते चिन्ह आज जवळपास प्रत्येक मंडळीत पेटते.

मग गीत. १९९३ साली निघालेले त्यांचे करड्या पुठ्ठ्याचे गीतपुस्तक पाहण्यासारखे आहे. त्यात ख्रिस्ती भजने आहेत, काळ्या गुलामांची गाणी आहेत, तथागतांच्या स्वयंदीप होण्याच्या उपदेशावरचे गीत आहे, आणि मागच्या वाचनांत धम्मपदातला भागही आहे. युनिटेरियन माणूस सुरात गात नाही, कारण पुढची ओळ आपल्याला पटते की नाही हे तो आधी वाचत असतो, असा विनोद ते स्वतःवरच करतात!

पुढे मुलांना समोर बोलावून गोष्ट सांगतात. गोष्ट संपली की मुले आपापल्या वर्गात जातात आणि मोठी माणसे त्यांना गाऊन निरोप देतात. वर्गात बायबलाबरोबर इतर धर्मांचीही ओळख होते. शेजारच्या ज्यू प्रार्थनास्थळात, बौद्ध विहारात मुलांना घेऊन जाण्याची रीत आहे. तेरा-चौदा वर्षांची मुले वर्षभराच्या अभ्यासानंतर ‘मी काय मानतो’ यावर निबंध लिहितात आणि तो मोठ्यांच्या सभेत उभे राहून वाचतात. एखादा मुलगा सांगतो, मला देव आहे असे वाटत नाही. एखादी मुलगी सांगते, मला वाटतो. दोघांनाही टाळ्या मिळतात. आपल्या मातापित्यांनी विचार करावा अशी ही रीत आहे. मुलाने पाठ केलेले म्हणून दाखविले की आपली छाती फुगते. त्याने स्वतःचे म्हणून काही सांगितले तर आपण काय करू?

त्या तासातला आम्हाला सर्वात जवळचा वाटलेला भाग म्हणजे सुखदुःखाचा. ज्याला सांगायचे आहे तो पुढे येतो, एक छोटी मेणबत्ती लावतो किंवा पाण्याच्या भांड्यात एक खडा सोडतो आणि दोन वाक्ये बोलतो. माझ्या आईचे ऑपरेशन आहे. मला नात झाली. माझी नोकरी गेली. मला दारू सोडून आज एक वर्ष झाले. कोणी काही न बोलता नुसती मेणबत्ती लावून जागेवर परततो. लोक ऐकतात; उपाय सांगायला कोणी धावत नाही. आपल्या वस्तीत अशी बातमी नळावर कळते, आणि घरोघर पोहोचेपर्यंत तिला चार फाटे फुटतात. इथे तिला उपासनेतच जागा दिली आहे. अर्थात माणसे तिथलीही माणसेच. कोणी माईक धरला की सोडत नाही, कोणी सुखदुःखाच्या निमित्ताने निवडणुकीचे भाषण ठोकतो. म्हणून मोठ्या मंडळ्यांमध्ये आता चिठ्ठीवर लिहून घेतात आणि एकच जण वाचतो.

प्रवचन साधारण वीस मिनिटांचे. धर्मोपदेशक बाई असेल किंवा पुरुष. तिने काय बोलावे हे वरून कोणी ठरवीत नाही, कारण वर कोणी नाहीच. बिशप नाही, पोप नाही. मंडळी मतदान करून आपला धर्मोपदेशक निवडते, त्याचा पगार आपल्या वर्गणीतून देते, इमारतीचे छत गळले तर आपणच दुरुस्त करते. दानाचे ताट फिरते तेव्हा पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. धर्मोपदेशक बोलायला मोकळा आणि ऐकणारा न पटवून घ्यायला मोकळा. कित्येक ठिकाणी प्रवचनानंतर लोक त्याच्याशी वाद घालायलाही बसतात.

फुले आणि पाणी

वर्षातून दोन रविवार वेगळे असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलांचा रविवार येतो. प्रत्येकाने एक फूल आणायचे, सर्वांची फुले एकत्र ठेवायची आणि जाताना दुसऱ्याने आणलेले एक फूल घेऊन जायचे. हा विधी प्राग शहरातील धर्मोपदेशक नॉर्बर्ट चापेक यांनी १९२३ साली सुरू केला. त्यांच्या मंडळीत कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू अशा निरनिराळ्या घरांतून आलेले लोक होते. भाकरी आणि द्राक्षारसाचा जुना विधी त्यांतल्या अनेकांना नकोसा झाला होता. फूल कोणाला नको असते? चापेक यांना नाझींनी १९४१ साली पकडले आणि १९४२ साली ठार मारले. पत्नी माया यांनी हा विधी त्याआधीच, १९४० साली, अमेरिकेत नेला होता.

दुसरा रविवार पाण्याचा. तो बहुधा सप्टेंबरात असतो. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणचे थोडे पाणी आणायचे, नदीचे, समुद्राचे, नाहीतर घरच्या नळाचे, आणि एकाच भांड्यात ओतायचे. १९८० साली मिशिगन राज्यातील स्त्रियांच्या एका मेळाव्यात ही रीत सुरू झाली. धर्मातले सारे विधी पुरुषांनी केले, आता आम्ही आमचा करतो, असे त्या बायांचे म्हणणे होते. महाडचे चवदार तळे ज्यांच्या घरच्या आठवणीत आहे, त्या आमच्या वाचकांना सर्वांचे पाणी एका भांड्यात ओतण्याचा अर्थ आम्ही समजावून सांगायला नको.

कॉफीचा पेला आणि काळा रंग

उपासना संपली की सगळे शेजारच्या दालनात कॉफीला जमतात. खरी कसोटी इथे लागते. जुने लोक जुन्यांशी गप्पा मारू लागतात आणि नवा माणूस पेला हातात धरून भिंतीवरच्या सूचना वाचीत उभा राहतो. म्हणून काही मंडळ्या पाहुण्याला वेगळ्या रंगाचा पेला देतात. तो रंग दिसला की सभासदाने जाऊन बोलायचे. युक्ती चांगली आहे. परंतु ज्याच्या कातडीचाच रंग वेगळा होता, त्याच्याशी काय व्यवहार झाला?

एग्बर्ट एथेलरेड ब्राऊन हे जमैकाचे कृष्णवर्णीय गृहस्थ. त्यांना युनिटेरियन धर्मोपदेशक व्हायचे होते. त्यांना आधीच बजावण्यात आले की आमच्या मंडळ्या गोऱ्या आहेत आणि त्यांना धर्मोपदेशकही गोराच लागतो. तरीही ते अमेरिकेत येऊन शिकले, १९१२ साली दीक्षित झाले, जमैकात परतून त्यांनी काम केले. बोस्टनहून येणारी मदत आटली. १९२० साली ते न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत आले आणि तेथे युनिटेरियन मंडळी उभी केली. पोटासाठी ते लिफ्टमनचे काम करीत. आठवडाभर साहेब लोकांना वरखाली न्यायचे आणि रविवारी बुद्धीला पटेल असा धर्म सांगायचा. १९२९ साली बोस्टनच्या संघटनेने त्यांचे नाव धर्मोपदेशकांच्या यादीतून काढून टाकले. ते भांडत राहिले आणि काही वर्षांनी त्यांना ते परत घ्यावे लागले. १९५६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हार्लेम सोडले नाही. सिनसिनाटी शहरात डब्ल्यू. एच. जी. कार्टर यांनी काळ्यांची अशीच मंडळी चालविली. संघटनेने तिला हात दिला नाही. शहरातल्या गोऱ्या युनिटेरियनांनी कार्टर कुटुंबाची माफी मागितली ती २००१ साली.

याच लोकांनी रक्तही सांडले आहे. मार्च १९६५ मध्ये काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा येथे लढा चालू असताना जेम्स रीब हे त्यांचे गोरे धर्मोपदेशक मारहाणीत प्राणाला मुकले. दोन आठवड्यांनी व्हायोला लिउझो या सभासद बाईंना गोळ्या घातल्या गेल्या. पण आधी, फेब्रुवारीत, जिमी ली जॅक्सन हा काळा तरुण पोलिसाच्या गोळीने पडला होता, तेव्हा देशाला एवढा हादरा बसला नव्हता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पुढे काळ्या सभासदांनी सांगितले, आमच्या कामाचा पैसा आमच्या हाती द्या, कसा खर्चायचा ते आम्ही ठरवू. १९६८ साली चार वर्षांत दहा लाख डॉलर देण्याचा ठराव झाला. पैशाची ओढाताण सुरू होताच रक्कम कमी करण्यात आली. १९६९ च्या बोस्टन अधिवेशनातून काळे प्रतिनिधी आणि त्यांचे पाठीराखे उठून गेले. अनेक काळे सभासद परतलेच नाहीत. २००१ साली विल्यम सिंकफर्ड हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. २०१७ साली पदे देताना गोऱ्यांनाच झुकते माप मिळते या वादात तेव्हाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. २०२३ साली सोफिया बेटनकोर्ट या कृष्णवर्णीय बाई अध्यक्ष निवडून आल्या. बाकांवर मात्र आजही गोरे, शिकलेले, बऱ्या पगाराचे लोकच जास्त दिसतात.

आपल्याकडचा धागा

हिंदुस्थानात हा विचार फार पूर्वी आला आणि आणणारा कोणी गोरा मिशनरी नव्हता. एके काळी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे इंग्रजांच्या घरी नोकरी करणारा विल्यम रॉबर्ट्स हा तमिळ माणूस. त्याने १७९५ साली मद्रासला युनिटेरियन मंडळी स्थापन केली. मेघालयाच्या डोंगरात जोवाई येथे १८ सप्टेंबर १८८७ रोजी हाजोम किसोर सिंग या खासी तरुणाने अशीच सुरुवात केली. वेल्श मिशनऱ्यांनी शिकविलेला नरक त्याला पटला नव्हता. त्याच्या मंडळ्या आजही नांदत आहेत.

महाराष्ट्राचा धागा विठ्ठल रामजी शिंदे यांचा. प्रार्थना समाजाचे हे प्रचारक युनिटेरियनांच्या मदतीने १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला गेले, १९०३ साली परतले आणि १९०६ साली मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. शाळा, वसतिगृहे निघाली, हे काम आम्ही नाकारीत नाही. परंतु अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे हा प्रश्न आला, तेव्हा १९२० च्या नागपूर परिषदेत बाबासाहेबांनी शिंद्यांच्या मिशनच्या भूमिकेला कडाडून विरोध केला. आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, हे ते भांडण. हार्लेमच्या लिफ्टमनचे आणि १९६९ च्या बोस्टनचे भांडण याहून वेगळे नव्हते.

सभासद कसे होतात?

नवा माणूस काही रविवार आला, त्याला बरे वाटले, तर दोन-तीन बैठकांचा वर्ग असतो. त्यात जुने-नवे सभासद आपण इथे कसे आलो ते सांगतात. कोणी मेलेल्या भावाच्या दुःखात आलेले असते, कोणाला मुलांसाठी जागा हवी होती, कोणाला आपल्या चर्चने घटस्फोटानंतर तोंड दाखवू दिले नव्हते. जुना धर्म सोडल्याची कबुली द्यावी लागत नाही. ज्यू ज्यूच राहतो, बौद्ध बौद्ध. आपल्या २२ प्रतिज्ञांनी जुन्याशी नाते स्पष्ट तोडले. ते तोडणे आपल्याला का आवश्यक होते हे आपण जाणतो. त्यांची गरज वेगळी, त्यांचा रस्ता वेगळा.

शेवटी एक मोठी वही पुढे करतात. काही जुन्या मंडळ्यांत ती शंभर-दीडशे वर्षांची असते आणि मागच्या पानांवर दौतीच्या शाईतल्या सह्या असतात. नव्याने त्याखाली आपले नाव लिहायचे. पाण्याचे शिंपडणे नाही, गुडघे टेकणे नाही. साधारणपणे त्या सहीबरोबर मताचा हक्क मिळतो: अंदाजपत्रकावर, नव्या धर्मोपदेशकाच्या निवडीवर, आणि धर्मोपदेशक नकोसा झाला तर त्याला काढण्यावरसुद्धा. आणि सही वाळते न वाळते तोच कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेला तक्ता घेऊन येते: पुढल्या महिन्यात कॉफी करायची आणि पेले विसळायची तुमची पाळी कोणत्या रविवारी लिहू?